लिनक्सवर डिजिटल सातबारा : पडताळणी आणि स्वाक्षरी

भोर तालुक्यातील भोंगवलीच्या शेतजमिनीचा सातबारा आता पुण्यातील कार्यालयात बसूनही मिळतो. महसूल विभागाने डिजिटल स्वाक्षरीचे उतारे २०१८ पासून उपलब्ध केले. जिल्हा, तालुका, गाव व गट क्रमांक निवडून १५ रुपये शुल्क भरले की पीडीएफ फाईल उतरवता येते; तिला तलाठ्याच्या सही-शिक्क्याची गरज नाही. लिनक्स वापरणाऱ्यांची अडचण सुरू होते ती त्यानंतर. अडोबीच्या रीडरची लिनक्सवरील अखेरची आवृत्ती २०१३ मधील आहे.

ही उणीव केडीई प्रकल्पाच्या 'ऑक्युलर'ने भरून काढली. त्यात स्वाक्षरीची पडताळणी एप्रिल २०१९ मध्ये, तर प्रत्यक्ष स्वाक्षरी करण्याची सोय २०२१ मध्ये आली. मात्र प्रमाणपत्र विश्वासार्ह नसल्याचा इशारा दिसला, म्हणून उतारा बनावट ठरत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार भारतातील प्रमाणपत्रांची साखळी प्रमाणन प्राधिकरण नियंत्रकांच्या मूळ प्रमाणपत्रापर्यंत जाते आणि ते संगणकात आधीपासून नसते. नियंत्रकांच्याच संकेतस्थळावरून घेऊन ते फायरफॉक्समध्ये दाखल करावे. ऑक्युलर सहसा फायरफॉक्सचाच प्रमाणपत्रसंच वापरतो. मजकूर बदलल्याचा इशारा मात्र गंभीर मानावा.

स्वतः स्वाक्षरी करायची असल्यास यूएसबी टोकन लागते. ते विकत घेण्यापूर्वीच लिनक्सचा ड्रायव्हर मिळतो का, हे विचारलेले बरे. पुष्कळांची गाडी येथेच अडते. टोकन नसेल तर पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची 'ई-हस्ताक्षर' ही आधारवर चालणारी सेवा आहे. तीत स्वाक्षरीची कळ सेवा देणाऱ्याच्या यंत्रणेत तयार होत असल्याने टोकनचा प्रश्नच उरत नाही.

अर्जावर खुणा करणे वा मोकळ्या जागा भरणे यासाठी 'झर्नल++' पुरेसे आहे. लिबरऑफिसच्या 'ड्रॉ'मध्ये मजकूरही बदलता येतो, पण देवनागरी जोडाक्षरे विस्कटण्याचा धोका असतो. स्वाक्षरी झालेला सातबारा तेथे उघडून पुन्हा जतन केला, तर नव्या फाईलमध्ये मूळ स्वाक्षरी राहत नाही. सहीचे स्कॅन केलेले चित्र चिकटवणे ही तर कायद्याच्या अर्थाने डिजिटल स्वाक्षरीच नव्हे. बँकेत छापील प्रत दिली, तरी मूळ फाईल जपून ठेवावी. कागदावर छापल्यावर पडताळणीसाठी उताऱ्यावरील क्रमांकाचाच आधार उरतो.