लोडरवाला सेकंडहँड मिनी ट्रॅक्टर घेताय? इंजिनाचा आवाज सगळ्यात शेवटी ऐका

जुना ट्रॅक्टर बघायला गेलं की आपल्याकडं एक ठरलेला कार्यक्रम असतो. विकणारा चावी फिरवतो, इंजिन धडधडतं, सोबत नेलेला माहीतगार कान देऊन ऐकतो आणि मान डोलावतो, "आवाज स्वच्छ आहे." मग चहा येतो आणि घासाघीस सुरू होते.

साध्या ट्रॅक्टरला हे एकवेळ चालून जातं. पण पुढं लोडर बसवलेला मिनी ट्रॅक्टर असेल, तर इंजिन सगळ्यात शेवटी बघायचं. कारण इंजिनाचं काम कुठलाही चांगला फिटर करून देतो. लोडरनं खचलेला पुढचा एक्सल आणि अर्धवट कागदपत्रं मात्र ट्रॅक्टरच्या किमतीपेक्षा महाग पडू शकतात.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी कागद, मग सांगाडा, मग हायड्रोलिक आणि शेवटी इंजिन.

सातारा-सांगलीत हा ट्रॅक्टर लागतो कशाला?

तासगाव, मिरज, पलूस, कवठेमहांकाळ हा द्राक्षपट्टा. बागेतल्या दोन ओळींत साधारण आठ ते दहा फुटांचं अंतर, त्यात दोन्ही बाजूंनी वेलीचे हात आणि वर तारा. पन्नास एचपीचा ट्रॅक्टर तिथं घातला तर बागच मोडायची. म्हणून १५ ते ३० एचपीचा अरुंद ट्रॅक्टर. साताऱ्याकडं महाबळेश्वर-पाचगणीची उतारावरची स्ट्रॉबेरी, वाईची हळद, कोरेगावचं आलं, इथंही लहान तुकड्यात वळणारं यंत्र लागतं.

लोडरचं काम शेणखत, मळी आणि माती भरायचं. ऑक्टोबरच्या फळछाटणीआधी बागेत खत घालायचं असतं आणि पाटीनं खत भरायला माणूस मिळत नाही. नवा ट्रॅक्टर आणि नवा लोडर परवडत नाही, मग जुना जोड शोधला जातो.

पहिली गोष्ट : कागद

आरसी बुकावरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर ट्रॅक्टरवर स्वतः वाचून जुळवा. एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची मुदत, विमा आणि कर्जाचा बोजा दिसतो. सातारा एमएच ११, सांगली एमएच १० आणि कराड एमएच ५०. सीमाभागातून केए पासिंगचा ट्रॅक्टर स्वस्तात मिळत असेल, तर तिथल्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८ हातात पडल्याशिवाय पैसे मोजू नका.

नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाली, तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमा आपल्या नावावर करायलाही १४ दिवसांतच अर्ज द्यायचा असतो.

"नाव नंतर करू की," असं विकणारा म्हणाला, तर त्याला एक निकाल सांगा. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ६ फेब्रुवारी २०१८ ला सांगितलं, की अपघाताच्या दिवशी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे, तोच मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच. त्या खटल्यातली कार हातोहात पुढं विकली गेली होती, तरी कागदावरचा पहिला मालकच अडकला. हे कळल्यावर विकणारा स्वतःहून सही करायला येतो.

अजून एक खाचखळगा अनुदानाचा. समाजकल्याण विभागाच्या योजनेत अनुसूचित जाती व नवबौद्ध बचत गटांना ९० टक्के अनुदानावर मिनी ट्रॅक्टर मिळतात. ते परस्पर विकता येत नाहीत. ट्रॅक्टर बचत गटाच्या नावावर असेल, तर तो कितीही स्वस्त असला तरी नाद सोडा.

दुसरी गोष्ट : सांगाडा

लोडर ट्रॅक्टरचं काय करतो, ते एका हिशोबानं समजून घेऊ.

ओल्या मातीचा एक घनफूट साधारण ५० किलोचा. पाच घनफुटांची बकेट भरली की झाले २५० किलो. समजा ट्रॅक्टरच्या पुढच्या-मागच्या चाकांत दीड मीटर अंतर आहे आणि बकेट पुढच्या एक्सलच्या सव्वा मीटर पुढं आहे. तर पुढच्या एक्सलवर २५० किलो वाढत नाहीत, जवळपास ४६० किलो वाढतात. आणि मागच्या चाकांवरचे २०० किलोहून जास्त कमी होतात. म्हणजे तराफ्याच्या खेळासारखं, पुढचं खाली आणि मागचं वर. आणि हा सगळा ट्रॅक्टरच जेमतेम सात-आठशे किलोचा.

त्यामुळं बघायचं ते असं. पुढचं चाक जॅकवर उचला आणि वर-खाली, आत-बाहेर हलवा. खडखड आली तर बेअरिंग, किंगपिन किंवा बुश गेलेत. समोरून लांब उभं राहून बघा, दोन्ही चाकं वरच्या बाजूला आत झुकलीत का. लोडरची चौकट जिथं बोल्टनं पकडली आहे, तिथला रंग खरवडून भेग किंवा जुन्या वेल्डिंगवरची नवी वेल्डिंग शोधा. क्लच हाउसिंग तडकलं असेल तर तिथंच राम राम म्हणा.

लोडर कंपनीचा आहे, की वर्कशॉपमध्ये बनवून घेतलेला? बनवलेला म्हणजे वाईट असं नाही. पण लोडरची चौकट मागच्या एक्सलपर्यंत बांधलेली हवी. नुसती पुढच्या भागाला लटकवलेली असेल, तर सगळा ताण इंजिनाच्या आणि क्लच हाउसिंगच्या जोडावर येतो.

फोर व्हील ड्राइव्ह असेल तर लोडरला चांगलं, पण टायर बघा. पुढच्या-मागच्या टायरचं माप कंपनीनं ठरवलेलं असतं. भलत्याच मापाचे टायर टाकले की आतले गिअर एकमेकांशी भांडतात. टायरवर चार आकडी तारीख असते. २२१९ म्हणजे २०१९ चा बाविसावा आठवडा. तासांचं मीटर कमी आणि टायर दोनदा बदललेले दिसले, तर मीटरवर विश्वास ठेवू नका.

तिसरी गोष्ट : हायड्रोलिक

बकेट भरून छातीएवढी उचला, इंजिन बंद करा आणि दहा मिनिटं लांब थांबा. बकेट बोट-दोन बोटं खाली आली तर जुन्या यंत्राला चालतं. हातभर आली तर जॅकचे सील किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह गेला. सील स्वस्त असतं, पण जॅकच्या रॉडवर ओरखडे असतील तर नवं सीलही टिकत नाही.

बऱ्याच मिनी ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स आणि हायड्रोलिकचं तेल एकच असतं. डिपस्टिक काढून बघा. तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय.

आणि इथंच आपल्या भागातला एक खास प्रश्न येतो, तो म्हणजे महापुराचा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, तिथं धोक्याची पातळी ४५ फूट आहे. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. नदीकाठच्या गावांत वाहनं दिवसेंदिवस पाण्यात होती. नव्या रंगाखाली पूर लपतो, म्हणून सीटखाली, डायनॅमोच्या आत, मीटरच्या काचेमागं आणि वायरिंगच्या जोडांत वाळलेला गाळ शोधा.

चौथी गोष्ट : इंजिन

आता इंजिन ऐका, पण थंड असताना. बॉनेटला हात लावा. गरम लागलं, तर तुम्ही यायच्या आधी ते चालू करून ठेवलंय. उद्या सकाळी येतो म्हणून सांगा.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, आणि हा बऱ्याचदा एअर क्लीनर साफ करून जातो. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबला नाही तर नोझल, कॉम्प्रेशन किंवा आत येणारं पाणी. ऑइल भरायचं झाकण उघडल्यावर धुराचा भपकारा आला, तर पिस्टन-रिंगचं काम धरूनच किंमत बोला.

उभा ट्रॅक्टर चालू कसा करायचा?

वर्ष-दोन वर्षं उभा असेल, तर आल्या आल्या सेल्फ मारू नका. आधी इंजिन हातानं फिरवून बघा, जाम नाही ना. जुनं डिझेल काढून टाकी धुवा, डिझेल फिल्टर बदला, लाइनमधली हवा काढा. इंजिन ऑइल आणि फिल्टर नवे टाका. रेडिएटर आणि त्याचे पाईप बघा. मग नवी बॅटरी आणि मग सेल्फ.

लोडरचे सगळे पिन काढून ग्रीस करा. ढिले झालेले पिन-बुश बदला. या कामात आपला भाग नशीबवान आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवून लोखंडी नांगर घडवले, साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यातूनही नांगर निघाले. आजही इथं लेथवर पिन-बुश करून देणारा कारागीर शोधायला लांब जावं लागत नाही.

होज पाईप सोडण्याआधी बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा आणि लिव्हर हलवून दाब काढा. तेल कुठून गळतंय ते बोटानं तपासू नका. त्या दाबानं तेल कातडीतून आत जातं, जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट कापायची वेळ येते. पुठ्ठा फिरवून बघा. आणि तेल आत गेलंच, तर थेट दवाखाना गाठा.

चालवताना

मागं रोटावेटर किंवा वजन लावल्याशिवाय बकेट भरू नका. भरलेली बकेट गुडघ्याच्या वर नेऊन ट्रॅक्टर चालवू नका, उतारावर आणि वळणावर तर नाहीच. बकेट वर असताना मिनी ट्रॅक्टर उलटायला एक खड्डा पुरतो. बकेटमध्ये माणूस उचलायचा नाही, बागेतल्या तारा बांधायलासुद्धा नाही. आणि उचलण्याआधी वर बघा, शेतातली विजेची तार बऱ्याचदा लोंबलेली असते.

राहिला किमतीचा प्रश्न. विकणाऱ्यानं सांगितलेल्या आकड्यात टायर, बॅटरी, तेलं-फिल्टर, पिन-बुश, सील, विमा आणि नाव बदलण्याचा खर्च मिळवा. ही बेरीज कागदावर लिहा आणि नव्या ट्रॅक्टरच्या कोटेशनशेजारी ठेवा. फरक थोडाच राहत असेल, तर चहा पिऊन परत या. विसार द्यायची घाई विकणाऱ्याला असते, आपल्याला नसावी.