विस्तवाची राखण

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या घरी सगळ्यांच्या आधी बंब जागा व्हायचा. तो तांब्याचा होता. पाणी फार कढू लागले की आजी खालच्या जाळीपुढे राख लोटून वारा अडवायची. पेटलेले जळण परत काढून घेता येत नाही, वारा मात्र तोडता येतो. वारा तोडला की धूर व्हायचा आणि तो तिच्या डोळ्यांत जायचा. पुढे उष्णतेच्या स्वयंचलित नियंत्रणाचा इतिहास वाचताना लक्षात आले, की हे शास्त्र सुरुवातीची कितीतरी वर्षे आजीच्याच युक्तीवर चालले होते, धुरासकट.

सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात कोर्नेलिस ड्रेबेल (१५७२–१६३३) या लंडनवासी डच संशोधकाने अंडी उबवण्याची भट्टी केली. कोंबडीच्या अंड्याला एकवीस दिवस सारखी ऊब लागते. तितके दिवस आणि तितक्या रात्री भट्टीपाशी कोण जागणार? ड्रेबेलने मद्यार्काची नळी भट्टीत बसवली. उष्णतेने मद्यार्क फुगे, तो पाऱ्याला ढकले, पाऱ्यावर तरंगणारी दांडी उचलली जाई आणि धुराड्याची झडप मिटे. दीडेक शतकाने पॅरिसच्या बॉनमँ यानेही कोंबड्यांसाठीच गरम पाण्याचा बॉयलर केला. शिशाची नळी आणि तिच्यातली लोखंडी कांब उष्णतेने कमीजास्त वाढतात, एवढ्यावर त्याची झडप हले. या शास्त्राची सुरुवात कोंबड्यांच्या उबेतून झाली, याची मला अजून गंमत वाटते. ‘थर्मोस्टॅट’ हे नाव १८३० मध्ये अँड्र्यू युरने दिले.

माणसांच्या खोल्यांची पाळी त्यानंतर आली. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर येथे वॉरेन जॉन्सन अध्यापक होता. वर्गातली थंडी-ऊब पाहायला शिपाई वरचेवर आत येई आणि तळघरात जाऊन झडपा सारखा करी. जॉन्सनने १८८३ मध्ये विजेच्या थर्मोस्टॅटचे पेटंट घेतले. खोलीचा पारा हलला की तळघरात घंटा वाजे. म्हणजे या थर्मोस्टॅटने हुकूम सोडला तो यंत्राला नव्हे, माणसाला! मिनिॲपोलिसच्या आल्बर्ट बट्झने १८८५ च्या सुमारास तो माणूसही वगळला. खोली गार झाली की छोटी मोटर अर्धा फेरा घेई, साखळी ओढून भट्टीची हवेची झडप उघडे. ऊब पुरेशी झाली की आणखी अर्ध्या फेऱ्यात ती मिटे.

इतिहासकार बहुधा इथे थांबतात. मला ते पटत नाही. बट्झच्या भट्टीतला कोळसाही हवेवाचून घुसमटतच होता. खरी अडचण जळणाची होती. ओंडक्याचा अर्धा घास भट्टीला भरवता येत नाही. कोळशाला मळसूत्राने भरवण्याचा उपाय पुढे अमेरिकेत घराघरांत आला. लाकडाला मात्र आधी सारखा आकार यावा लागला. भुसा दाबून केलेल्या सहाएक मिलिमीटर जाडीच्या कांड्या म्हणजे पेलेट. त्यांचे घरगुती बॉयलर १९९० च्या दशकात ऑस्ट्रियात फैलावले.

त्यात पाण्याचे तापमान ठरल्या आकड्याजवळ आले की मळसूत्र थांबत थांबत फिरते, पेलेट कमी पडतात आणि त्याच मापात पंख्याची हवा घटते. धुरातला प्राणवायू मोजणारी कांडी हे प्रमाण तपासत राहते. त्यामुळे मंद आचेवरही ज्वाला स्वच्छ जळते. पण तिला खालची मर्यादा असते, पूर्ण ताकदीच्या साधारण तीस टक्के. त्याहून कमी उष्णता हवी असेल तर बॉयलर विझवावा लागतो आणि विझवणे हेच अवघड. गॅसची कळ फिरवली की ज्योत गेली. इथे जाळीवरचे पेलेट जळून संपेपर्यंत उष्णता देतच राहतात आणि पुन्हा पेटायला कित्येक मिनिटे जातात. म्हणून शेजारी पाण्याची मोठी टाकी ठेवतात. उरलेली उष्णता तिच्यात साठते, बॉयलर निवांत विझतो आणि टाकी निवेपर्यंत पुन्हा पेटत नाही.

आजीच्या बंबात अशी टाकी नव्हती. सगळ्यांची अंघोळ झाली तरी विस्तव उरायचा. मग ती त्यावर राख ओढायची आणि डोळे पुसत उठायची.