बाटलीवरचा कांदा

शाळेत असताना आपल्यापैकी बहुतेकांनी हा प्रयोग केलेला असतो. काचेच्या बाटलीत पाणी भरायचं, तोंडावर एक कांदा बसवायचा, बुड पाण्याला जेमतेम टेकेल असा, आणि बाटली खिडकीत ठेवून द्यायची. चार दिवसांत पांढऱ्या मुळ्या सुटतात, आठवड्यात हिरवी पात वर येते. गुरुजी म्हणायचे, बघा, मातीशिवाय झाड वाढलं. पुढे काय होतं ते मात्र कुणी दाखवत नाही. पुढे कांदा आतून पोकळ होत जातो, मऊ पडतो, आणि एक दिवस घाण वास सुटला की तो बाटलीसकट उकिरड्यावर जातो. त्या पातीने कांदा खाल्लेला असतो. नवा कांदा काही तयार झालेला नसतो.

ही बाटली मला पन्नाशी उलटल्यावर आठवली, ती आमच्या आखाडा बाळापूरच्या घराच्या गच्चीवर. हातात एक मुळा होता. म्हणजे पाला मुळ्याचा होता, हातभर, तजेलदार. खाली मात्र उंदराच्या शेपटीएवढं काहीतरी लोंबत होतं.

आधी थोडं गावाबद्दल. हिंगोली-नांदेड रस्त्यावरचं, कळमनुरी तालुक्यातलं हे बाजाराचं गाव. भोवती काळी माती. पावसाळ्यात पायाला लोळ्याने चिकटणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ह्या जिल्ह्यात हळद अशी पसरली की फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्याने जाताना शिजणाऱ्या हळदीचा वास येतो. शेजारच्या वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. अशा गावात कुणी मातीशिवाय मुळा पिकवायला निघाला तर लोक हसणारच. हसले.

कारण होतं माय. तिचे गुडघे गेले. आमचं शेत आता बटईनं दिलेलं, आणि ते काही घराला लागून नाही. दोन वर्षं ती दवाखान्याशिवाय उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. जिचा जन्म निंदण्या-खुरपण्यात आणि हळद काढण्यात गेला, ती खाटेवर बसून भिंतीकडे बघते हे मला बघवत नव्हतं. म्हणून एका दुकानातून पांढऱ्या पाइपांचा तो हायड्रोपोनिक्सचा संच आणला. पालक आला, कोथिंबीर आली, पुदिना तर उतू गेला. मी कौतुकाने मायला धरून धरून गच्चीवर नेलं. तिने पालकाचं पान चोळून बघितलं आणि म्हणाली, "हे तं कापायचं. उपटायचं काय हाय का?"

नव्हतं. म्हणून मुळा लावला, आणि वर सांगितलेली शेपटी हातात आली. दुसऱ्या खेपेला गाजर लावलं, त्याचा तर नुसता झुबका झाला, दाढीसारखा. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, साहेब, ह्यात पालेभाजीच लावा. मग मी वाचायला बसलो. माणसाने माती सोडून झाड वाढवायचा खटाटोप कधी सुरू केला, आणि कंदमुळांचं काय केलं, हा शोध घेण्यात तो सबंध उन्हाळा गेला.

सुरुवात एका हट्टी फ्लेमिश माणसापासून करावी लागते. यान बाप्टिस्ट फान हेल्मोंट. त्याने २०० पौंड वाळवलेली माती कुंडीत घेतली, तीत ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं त्याला फक्त पाणी घातलं. झाड १६९ पौंडांचं झालं, माती जेमतेम दोन औंसांनी घटली. तेव्हा झाड पाण्याचंच बनतं, असा त्याने निष्कर्ष काढला. हे त्याच्या मरणानंतर, १६४८ साली छापून आलं. निष्कर्ष चुकीचा होता. हवेचा हिशेब त्याने धरलाच नव्हता, आणि ज्या दोन औंसांकडे त्याने दुर्लक्ष केलं त्यातच सगळी मेख होती. पुढे १६९९ मध्ये इंग्लंडच्या जॉन वुडवर्डने पुदिना वेगवेगळ्या पाण्यांत वाढवून पाहिला. पावसाच्या पाण्यात कमी वाढला, थेम्सच्या पाण्यात जास्त, आणि बागेतली माती कालवलेल्या पाण्यात सगळ्यांत जास्त. म्हणजे नुसतं पाणी नव्हे, पाण्यात मातीतलं काहीतरी. (गंमत बघा, तेव्हाही पुदिनाच. पुदिना कशातही येतो, त्यावरून हुरळून जाऊ नये.)

ते काहीतरी म्हणजे काय, हे कळायला आणखी दीडशेच्या वर वर्षं लागली. १८६० च्या सुमारास जर्मनीत युलियस झाक्स आणि विल्हेल्म क्नोप ह्या दोघांनी आपापल्या परीने क्षार विरघळवलेल्या पाण्यात झाडं वाढवली. क्नोपच्या पाण्यातले मुख्य क्षार वाचताना मी ताडकन उठून बसलो. कॅल्शियम नायट्रेट, पोटॅशियम नायट्रेट, पोटॅशियम फॉस्फेट, मॅग्नेशियम सल्फेट आणि चिमूटभर लोह. आता आमच्या बाळापूरच्या कोणत्याही कृषी सेवा केंद्रात जा आणि ठिबकवाल्या शेतकऱ्याच्या पिशवीत डोकवा. १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. ०:५२:३४ म्हणजे पोटॅशियम फॉस्फेट. कॅल्शियम नायट्रेटला तर तेच नाव. मॅग्नेशियम सल्फेट हळदीला लोक टाकतातच. दीडशे वर्षांपूर्वीच्या जर्मन प्रयोगशाळेतली बाटली आमच्याकडे 'विद्राव्य खतं' ह्या नावाने पोत्यात मिळते. आणि मी संचाबरोबर आलेल्या एका छोट्या निळ्या बाटलीला चारशे रुपये मोजून बसलो होतो!

पण झाक्स आणि क्नोपना मुळा पिकवायचा नव्हता. झाड काय खातं एवढंच त्यांना बघायचं होतं. बाटलीत लोंबणारं मूळ हे त्यांच्या लेखी तोंड होतं. आमची अडचण अशी की मुळा-गाजरात मूळ हेच तोंड आणि मूळ हीच कणगी. हे मी मायला समजावून सांगायला गेलो तर ती माझ्याआधीच बोलली, "मुळीनं खायाचं का साठवायचं? पाण्यात बसून दोन्ही कशी करावं?"

हाच प्रश्न कॅलिफोर्नियात विल्यम गेरिकेला पडला असणार. बर्कली विद्यापीठातला हा प्राध्यापक. १९२९ पासून तो सांगू लागला की हे प्रयोगशाळेतलं काम शेतीसाठी वापरता येईल. विद्यापीठाला ते पटलं नाही, काचघरात जागा मिळेना, म्हणून त्याने घरी, स्वतःच्या वेळात हे प्रयोग केले. टोमॅटोचे २५ फूट उंच वेल वाढवून दाखवले तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतलं. 'हायड्रोपोनिक्स' हा शब्द त्याने १९३७ साली छापला, तोही एका सहकाऱ्याने सुचवलेला. ग्रीक भाषेत त्याची फोड होते पाणी आणि कष्ट. पाण्याचे कष्ट! मराठवाड्यातल्या बायकांना ह्या शब्दाचा अर्थ कुणी विचारला असता तर १९७२ च्या दुष्काळातली डोक्यावरची घागर त्यांनी दाखवली असती. असो.

गेरिकेच्या पद्धतीतली जी गोष्ट आजचे पाइपवाले सांगत नाहीत, ती ही. त्याच्या उथळ टाकीत खाली क्षारांचं पाणी असे, मध्ये हवेची पोकळी, वर तारेची जाळी आणि जाळीवर गवत, लाकडाचा भुसा, कुंथा असल्या पालापाचोळ्याचा थर. बारीक मुळ्या जाळीतून खाली पाण्यात उतरायच्या, आणि बटाटे वरच्या थरात, अंधारात, ओलसर हवेत धरायचे. म्हणजे तोंड खाली, कणगी वर. बटाटा खरं तर मूळ नव्हेच, ते खोड. आपली हळदही तशीच. पण जमिनीखाली फुगणाऱ्या प्रत्येक पिकाला अंधार लागतो, हवा लागते, आणि चहूबाजूंनी हलका दाब देणारं काहीतरी लागतं. माझ्या पाइपात ह्यांपैकी अंधार तेवढा होता. बाकी मुळा बिचारा वाहत्या पाण्यात पाय सोडून उभा, त्याने कशाच्या आधाराने फुगावं?

एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे, नाहीतर मीही त्या दुकानदारांतलाच एक ठरेन. गेरिकेच्या नावाचा एवढा गाजावाजा झाला की शेवटी त्याच विद्यापीठातल्या होगलंड आणि आरनन ह्या दोघांनी हे सगळं तपासलं आणि १९३८ साली एक पत्रिका काढली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की प्रकाश आणि अंतर सारखं ठेवलं तर चांगल्या जमिनीपेक्षा पाण्यात काही जास्त पिकत नाही. माझंही तेच मत झालंय. 'एकराला दसपट' म्हणून कुणी संच विकायला आला तर त्याला पालकाऐवजी मुळा दाखव म्हणावं.

आपल्या देशात हे आलं ते बंगालमार्गे. शोल्टो डग्लस ह्या इंग्रजाने १९४६-४७ च्या सुमारास दार्जिलिंगकडच्या कालिम्पोंगला प्रयोग केले आणि १९५१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. पंप नाही, वीज नाही. चरात खडी आणि दगडाचा बारीक चुरा, वरून कोरडे क्षार भुरभुरायचे आणि झारीने पाणी द्यायचं. दिवसातून कितीदा वीज जाते हे आमच्या गच्चीवरच्या पंपाला विचारा, म्हणजे मला डग्लस का आवडला ते कळेल. आणि आपल्या महाराष्ट्रात श्री. अ. दाभोळकर. गणिताचा माणूस, पण 'प्रयोग परिवार' उभा केला, दहा गुंठ्यांत कुटुंब कसं जगेल ह्याचं गणित मांडलं, आणि शहरातल्या गच्चीवर उसाच्या चिपाडावर, प्लॅस्टिकच्या पिशवीत भाज्या घ्यायला लोकांना शिकवलं. ते हायड्रोपोनिक्स नव्हे, दाभोळकर क्षारांच्या वाटेला गेले नसते. पण माती नसेल तर मातीचं काम कशाकडून करून घ्यायचं, हा प्रश्न तोच.

बटाट्याची गोष्ट मात्र फार लांब गेली. १९९५ च्या ऑक्टोबरात कोलंबिया यानातून बटाट्याच्या पानांचे छाट वर पाठवले आणि त्यांना अंतराळात इवले बटाटे धरले. आपल्या शिमल्याच्या बटाटा संशोधन संस्थेतही बियाण्याचे छोटे बटाटे अंधाऱ्या पेटीत धरतात. मुळ्या हवेत लोंबत्या आणि त्यांच्यावर क्षारांच्या पाण्याचे तुषार. वरून पेटी, आत रात्र.

तर पुढच्या दिवाळीनंतर मी पाइप बाजूला ठेवले आणि दोन वीस लिटरच्या बादल्या घेतल्या. बुडापासून दोन इंचांवर एक भोक, म्हणजे खाली तेवढंच पाणी साचावं. तळाला खडी, वर कोकोपीट आणि चाळलेली जाड वाळू. गेरिके आणि डग्लस ह्यांची खिचडी. आधी मी नुसतं १९:१९:१९ देत होतो, ते बंद केलं. नत्र जास्त झालं की पालाच माजतो. कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या डब्यात भिजवायचं, नाहीतर बाकीच्या क्षारांशी गाठ पडून पांढरा साका बसतो, हे एकदा हात पोळल्यावर कळलं. पहिल्या मुळ्यांपैकी दोन आतून तपकिरी निघाले. बोरॉनची कमतरता. झाडाला बोरॉन लागतं हे कॅथरीन वॉरिंग्टन ह्या बाईंनी १९२३ साली दाखवून दिलेलं. मी सूक्ष्म अन्नद्रव्यांची पुडी आणायला विसरलो होतो.

जानेवारीत मायला खुर्चीसकट गच्चीवर नेलं. तिने पाला मुठीत धरला, थोडा पिळला आणि सरळ वर ओढला. वीतभर मुळा. गाजरं बुटकी निघाली, बोटाएवढी, पण सरळ. आमच्या काळ्या जमिनीत गाजराला फाटे फुटतात, तसे नव्हते. एकामागून एक तिने बादली रिकामी केली, मी थांब म्हणत होतो तरी. मग पदराला हात पुसले आणि म्हणाली, आता औंदा ह्यात हळद लाव.

बादली धुवायला उपडी केली तेव्हा खडीवर काळा चिखल दिसला. कोकोपीट तपकिरी असतं. हा काळाच, चिकट, ओळखीचा. बटईवाला भेटायला आला होता तेव्हा तिने त्याच्याकडून शेतातली ओंजळभर माती मागवून घेतली होती, आणि मी गावाला गेलेलो बघून नातीकरवी बादलीत टाकली होती.

"मला विचारायचं तरी," मी म्हटलं.

"विचारलं असतं तं तू टाकू दिली असती का?"

जूनमध्ये सेलमचे चार जेठे गड्डे त्याच बादल्यांत लावलेत. माती ह्या वेळी मीच आणली.