प्रकाशीय जोडजाळे, बहुप्रक्रियक संगणकांतील

संगणकातील अनेक प्रक्रियक व स्मृतिसंच यांच्यातील माहितीची देवाणघेवाण प्रकाशस्पंदांद्वारे घडवून आणणारी व्यवस्था. सूक्ष्म लेसराच्या साहाय्याने विद्युत् संदेशाचे प्रकाशात रूपांतर होते; काचतंतूतून गेल्यावर दुसऱ्या टोकाचा अभिज्ञातक तो पुन्हा विद्युत् रूपात आणतो.

प्रक्रियकांची संख्या वाढली म्हणजे गणनाचा वेग त्याच प्रमाणात वाढतो असे नाही. माहितीच्या प्रतीक्षेत प्रक्रियक खोळंबून राहतात. १,०२४ प्रक्रियकांपैकी प्रत्येकास प्रत्येकाशी थेट जोडावयाचे, तर १० लाखांहून अधिक स्विच लागतात. चार्ल्स क्लॉस यांनी १९५३ मध्ये दूरध्वनी केंद्रांसाठी बहुस्तरीय जाळे मांडले. या प्रकारच्या पुढील काही जाळ्यांत दोन आदान व दोन प्रदान असलेले ५,१२० स्विच पुरतात. मात्र त्यांत संदेश परस्परांच्या वाटेत येतात.

तारांची अडचण तरीही उरली. तांब्याच्या तारेतील क्षीणन कंप्रतेबरोबर वाढत असल्याने वेग वाढविला की लांबी कमी करावी लागते. चार्ल्स काव व जॉर्ज हॉकम यांनी १९६६ मध्ये काचतंतूची संदेशवहनक्षमता दाखविली आणि १९७० मध्ये किमी.ला २० डेसिबेलपेक्षा कमी क्षीणनाचा तंतू तयार झाला. जे. डब्ल्यू. गुडमन व त्यांचे सहकारी यांनी १९८४ मध्ये संकलित मंडलांतील जोडण्यांसाठी प्रकाशाचा पुरस्कार केला. १९९० मध्ये बेल प्रयोगशाळेत ॲलन ह्वांग यांच्या गटाने प्रायोगिक प्रकाशीय प्रक्रियक दाखविला, तेव्हा गणनही प्रकाशच करील अशी आशा निर्माण झाली. परंतु प्रकाश साठविणे अवघड असल्याने ती फलद्रूप झाली नाही. गणन इलेक्ट्रॉनांकडेच राहिले.

वहनातही बदल सावकाश झाला. २००२ मधील जपानच्या ‘अर्थ सिम्युलेटर’ची ६४० केंद्रे ८३,२०० विद्युत् केबलींनी जोडलेली होती व त्यांची एकूण लांबी सु. २,४०० किमी. होती. २००८ मध्ये जॉन किम, विल्यम डॅली इत्यादींनी ‘ड्रॅगनफ्लाय’ रचना सुचविली. तीत जवळच्या जोडण्या विद्युतीय व लांबच्या मोजक्या जोडण्या प्रकाशीय असतात. महाग तंतू त्यामुळे कमी लागतात.

प्रत्येक स्विचपाशी प्रकाशाचे विद्युत् रूपांतर करण्यात ऊर्जा खर्च होते. गूगलच्या चौथ्या पिढीच्या टीपीयू यंत्रणेत ४,०९६ प्रक्रियकांच्या जाळ्यातील प्रकाश सूक्ष्म आरशांनी वळविला जातो व हे रूपांतर टळते. आरसे फिरण्यास मिलिसेकंद लागत असल्याने प्रत्येक संदेशाची वाट बदलण्यास मात्र ही पद्धती उपयोगी नाही.