दुरुस्तीला पैसा, निर्मितीला नकार

गं. दे. खानोलकर मराठीच्या विद्यार्थ्याला भेटतात ते 'अर्वाचीन मराठी वाङ्मयसेवक'मधून. वालचंद हिराचंद यांचे चरित्रही त्यांनीच लिहिले, हे आपल्या वर्गांत क्वचितच सांगितले जाते. उद्योगपतीचे चरित्र म्हणजे गौरवग्रंथ, असे आपण धरून चालतो. पण वालचंदांच्या आयुष्यात एक प्रश्न असा आहे की जो साम्राज्याच्या हिशेबवहीपर्यंत नेऊन सोडतो. दुसऱ्या महायुद्धात लष्कराला मोटारी हव्या होत्या. मुंबईत भांडवल होते, बंदर होते, कारागीर होते. तरीही येथे मोटारीचा कारखाना निघू दिला गेला नाही. का?

उत्तरासाठी प्रथम शिवडीला जावे लागते. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने तेथे मोटारी जुळवण्याचा कारखाना सुरू केला. सुटे भाग पेट्यांतून बोटीने येत आणि शिवडीत जोडले जात. हा परिसर यंत्राला नवखा नव्हता. लोअर परळचा बी.बी.सी.आय. रेल्वेचा आणि परळचा जी.आय.पी.चा, हे दोन्ही कारखाने १८७० च्या दशकातले. फिटर, टर्नर, लोहार यांची एक पिढी तेथे घडून दुसरी कामाला लागली होती. (आपल्या साहित्यात गिरणीचा भोंगा जितका ऐकू येतो, तितका या वर्कशॉपांतला हातोडा ऐकू येत नाही. हा दोष कामगारांचा नव्हे.)

याच सुमारास हिंदी लष्कर घोड्याखेचरांवरून चाकांवर येऊ लागले होते. हा बदल वाटतो तितका साधा नाही. खेचराला वैरण आणि सलोत्री लागतो. ट्रकला आणि चिलखती गाडीला एक संपूर्ण कारखाना पाठीशी लागतो. किरकोळ बिघाड पलटणीतला मिस्त्री काढतो, पण इंजिन पूर्ण उघडून पुन्हा बांधायचे तर मागच्या तळावरचे मोठे वर्कशॉपच हवे. तेथे झिजलेला भाग किती झिजला हे मोजणारी मापे हवीत, लेथ हवेत, बांधलेले इंजिन गाडीत बसवण्यापूर्वी चालवून पाहण्याचे चाचणीयंत्र हवे. हा खर्च संचलनाच्या मैदानावर दिसत नाही, म्हणून अंदाजपत्रकात तो सर्वांत आधी कापला जातो.

१९३८-३९ मध्ये लॉर्ड चॅटफील्ड यांच्या समितीने हिंदी सैन्याच्या आधुनिकीकरणाचा विचार केला. त्यानुसार सप्टेंबर १९३९ मध्ये सुमारे ३ कोटी ४० लाख पौंडांची योजना जाहीर झाली. तीन चतुर्थांश रक्कम ब्रिटनची देणगी, उरलेली कर्ज. तोवर युद्ध सुरू झाले होते, आणि जे साहित्य ब्रिटनहून यायचे ते ब्रिटनलाच अपुरे पडू लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये खर्चाच्या वाटणीचा नवा करार झाला. शांतताकाळातला नेहमीचा आणि हिंदुस्थानच्या स्वतःच्या संरक्षणाचा खर्च हिंदुस्थानने करावा, त्यापलीकडचा ब्रिटनने सोसावा.

'सोसावा' हा शब्द फसवा आहे. ब्रिटनच्या वाट्याचे पौंड लंडनमध्येच कागदावर जमा होत. त्यांच्या आधारावर मुंबईची रिझर्व्ह बँक रुपये काढी, नाशिकच्या छापखान्यात नोटा छापल्या जात, आणि त्या नोटांनी येथला माल, येथले श्रम विकत घेतले जात. युद्ध संपले तेव्हा ही लंडनमधली शिल्लक सुमारे १३० कोटी पौंडांवर गेली होती. तोवर त्या रुपयांचे मोल घसरले होते, आणि महागाईच्या रूपाने तो खर्च गिरणगावातल्या खोल्याखोल्यांतून वसूल झाला होता. तेव्हा पैसा नव्हता हे उत्तर टिकत नाही.

वालचंदांनी आधी फोर्डशी बोलणी केली, मग १९४० मध्ये क्रायस्लरशी करार जमवला. त्यापूर्वी विश्वेश्वरय्यांची मोटार-योजना मुंबईच्या खेर मंत्रिमंडळाने उचलून धरली होती. १९३९ च्या अखेरीस मंत्रिमंडळच राजीनामा देऊन बाहेर पडले. दिल्लीचे म्हणणे असे, की कारखाना युद्धाच्या उपयोगी वेळेत उभा राहणार नाही, डॉलर नाहीत, बोटींवर जागा नाही. कारणे अगदी खोटी नव्हती. परंतु जुळवणीचे सुटे भाग येण्यास जागा मिळत होती. कॅनडाहून फोर्डचे सांगाडे येत. जमशेदपूरचे पोलाद आणि रेल्वे कारखान्यांतले हात त्यांवर चिलखत चढवत. अशा चार हजारांहून अधिक गाड्या या देशात तयार झाल्या. दुसऱ्याच्या सांगाड्यावर काम करण्यास मुभा होती. सांगाडा स्वतः घडवण्यास नव्हती.

बंगळूरचे उदाहरण याहून बोलके आहे. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने वालचंदांनी विमानांचा कारखाना काढला. १९४२ मध्ये सरकारने त्यांचा हिस्सा विकत घेतला, आणि पुढच्या वर्षी तो कारखाना अमेरिकी हवाई दलाच्या विमानांची दुरुस्ती करू लागला. विमाने बांधण्यासाठी काढलेली वास्तू दुरुस्तीगृह झाली.

अर्थात दुरुस्तीवर झालेला सगळाच खर्च वाया गेला असे मला वाटत नाही. १९४३ मध्ये लष्कराची विद्युत व यांत्रिक अभियांत्रिकी शाखा स्वतंत्र झाली. तिला माणसे हवी होती, आणि युद्धासाठी आखलेल्या तंत्रप्रशिक्षण योजनेचे काम मजूर खात्याकडे होते. जुलै १९४२ पासून त्या खात्याचे मंत्री होते डॉ. आंबेडकर. परळच्या चाळीत संसार केलेला, दादरच्या राजगृहात राहणारा हा माणूस. यंत्रे लष्कराच्या मालकीची राहिली. शिकलेला हात मात्र ज्याचा त्याच्या घरी गेला. १९५० मधील कारागीर प्रशिक्षण योजना आणि पुढचे आयटीआय त्याच वाटेने आले.

वाहनांची लष्करी तपासणी करणारी संस्था रावळपिंडीजवळ चकलाला येथे होती. फाळणीनंतर ती अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला आली. वालचंदांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये स्थापन झाली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये गाड्या बाहेर पडू लागल्या. त्याही आरंभी आयात भागांच्याच. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने सांगितले, की ज्यांना भाग येथेच बनवायचे आहेत त्यांनाच यापुढे परवानगी द्यावी. जनरल मोटर्सला ते मान्य नव्हते. १९५४ मध्ये शिवडीतली जुळवणी बंद झाली.