अस्सल बरहुकूम: शहापूर-मुरबाडचे दप्तर आणि चित्रांच्या लायब्ऱ्या

जुन्या फेरफाराची नक्कल कचेरीतून हाताने लिहून मिळत असे, तेव्हा तिच्याखाली ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ हा शेरा आणि दोन सह्या असत: एक नक्कल करणाऱ्याची, दुसरी रुजवात घेणाऱ्याची. एकाने लिहायचे, दुसऱ्याने मूळ कागद समोर धरून शब्दन्‌शब्द ताडून पाहायचा. शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत जमिनीचा, कुळाचा आणि जातीच्या दाखल्याचा पुरावा कित्येक पिढ्या या दोन सह्यांवर चालला. आज ठाणे जिल्ह्याचे जुने अभिलेख स्कॅन होऊन ‘आपले अभिलेख’ या शासकीय संकेतस्थळावर पाहता येतात. लिहिणारा हात गेला आणि त्याच्या जागी स्कॅनर आला. पण स्कॅनर फक्त उजेड मोजतो. त्या मोजमापातून फाईल कशी बनवायची, त्यातले काय ठेवायचे आणि काय टाकायचे, हे त्याच्या मागे बसलेल्या सॉफ्टवेअर लायब्ऱ्या ठरवतात. कोणती लायब्ररी घ्यायची, हा प्रश्न प्रोग्रामरच्या पसंतीचा समजला जातो. माझे म्हणणे असे की तो दप्तराचा प्रश्न आहे. लायब्ररी किती वेगवान आहे किंवा फाईल किती लहान करते हे नंतर पाहावे; ती काय गाळते आणि गाळलेले पाहणाऱ्याला कळते का, हे आधी विचारावे.

गाळण्यासारखे या कागदांत काय आहे, ते पाहिल्याशिवाय हा आग्रह पटणार नाही. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ साली झाला आणि गावोगाव फेरफारांची वही सुरू झाली. गाव नमुना ६ मध्ये नोंदीचा अनुक्रमांक, हक्काचे स्वरूप, सर्व्हे नंबर व हिस्सा आणि शेवटी तपासणाऱ्या अधिकाऱ्याची सही किंवा शेरा असतो. हस्तलिखित सातबाऱ्यावर नाव कमी झाले की ते खोडत नसत, त्याला कंस करीत. कंस म्हणजे शाईच्या दोन बारीक रेघा. त्या दिसल्या तर माणूस माजी खातेदार, नाही दिसल्या तर आजचा मालक. फेरफार मंजूर व्हायचा असेल तर त्याची नोंद पेन्सिलीने होई. आकार आणि क्षेत्र लिहिताना पाव, अर्धा आणि पाऊण यांसाठी एक, दोन आणि तीन उभ्या रेघा असत. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर तर ठाणे जिल्ह्यातल्या भातखाचरांचे आणि त्यांना जोडलेल्या वरकस जमिनींचे मालक सातबाऱ्याच्या इतर हक्कांतल्या कुळाच्या एका ओळीवरून ठरले. शहापूर हा पूर्ण तालुका आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीकडे कशी गेली हे शोधताना १९७४ च्या आधीची पाने लागतात. जातपडताळणीला कोतवाल बुकाची, म्हणजे गाव नमुना १४ ची नक्कल लागते. या साऱ्यांत निर्णायक खूण बहुधा पानावरची सर्वांत फिकट खूण असते.

चित्रे हाताळणाऱ्या लायब्ऱ्यांचा इतिहास मात्र फिकट खुणा टाकून देण्याच्या युक्त्यांचाच आहे, आणि तो त्या काळाच्या गरजेतून तसा घडला. टिफ हा फाईलचा प्रकार १९८६ मध्ये आल्डस कंपनीने स्कॅनरसाठीच आणला. सॅम लेफ्लरची लिबटिफ ही लायब्ररी १९८८ पासूनची. फॅक्स यंत्रांसाठी ठरलेली ‘ग्रुप ४’ ही आकुंचनाची पद्धत तिच्यात होती. ती काळ्या-पांढऱ्या पानातला एकही ठिपका बदलत नाही. पण मुळात पान काळे-पांढरे करायचे म्हणजे प्रत्येक ठिपक्याला ‘शाई’ किंवा ‘कागद’ असा निवाडा द्यायचा, आणि पेन्सिलीची नोंद त्या निवाड्यात बहुधा कागद ठरते. ऑक्टोबर १९९१ मध्ये इंडिपेंडंट जेपेग ग्रुपने लिबजेपेग फुकट वाटली. ती छायाचित्रांसाठी आहे. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडून प्रत्येकातला बारकावा ती घासून काढते, शिवाय नेहमीच्या मांडणीत रंगाची माहिती उभी-आडवी निम्मी करते. झाडाच्या फोटोत हे कळत नाही. काळ्या अक्षरावर लाल शाईने मारलेल्या बारीक रेघेत कळते: रेघ पसरते, फिकी होते आणि शेजारच्या अक्षराला गुलाबी कड येते. तरीही या दोन्ही पद्धतींत एक प्रामाणिकपणा आहे. त्यांनी बिघडवलेले पान बिघडलेले दिसते.

खरी धास्ती वाटावी अशी पद्धत २००० साली ठरलेली जेबिग-२. काळ्या-पांढऱ्या पानावरचे सुटे आकार ती वेचते, एकमेकांसारखे दिसणारे एका गटात घालते आणि त्या गटातला एकच आकार साठवून सगळीकडे तोच छापते. फाईल कमालीची लहान होते. २०१३ च्या ऑगस्टमध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिले की ही पद्धत वापरणारी झेरॉक्स कंपनीची काही यंत्रे बांधकामाच्या नकाशातले आकडे बदलत होती. तीन खोल्यांची क्षेत्रफळे वेगवेगळी असताना प्रतीत तिन्हींवर १४.१३ हाच आकडा आला होता, तोही स्वच्छ, ठसठशीत, कुठेही धूसर न होता. पुढे २०१५ मध्ये जर्मनीच्या माहिती-सुरक्षा कार्यालयाने दप्तराच्या स्कॅनिंगसाठी जेबिग-२ नाकारली.

मराठी हस्तलिखिताला हा धोका नाही, असे यावर म्हणता येईल, आणि त्यात अर्धे तथ्य आहे. देवनागरीत शिरोरेघेमुळे अख्खा शब्द हा एकच जोडलेला आकार होतो. मोडीत तर आधी ओळभर रेघ ओढून मग तिला अक्षरे लटकवीत, म्हणजे ओळच्या ओळ एक आकार. असे दोन आकार तंतोतंत सारखे निघणे अवघड, म्हणून अदलाबदलही अवघड. पण आकड्यांना शिरोरेघ नसते. सर्व्हे नंबर, हिस्सा, एकर-गुंठे, फेरफार क्रमांक, साल हे सगळे सुटे उभे असतात आणि एकाच लेखनिकाच्या हातचे १ आणि ९ फार जवळचे असतात. दोन उभ्या रेघांचा अर्धा आणि तीन रेघांचा पाऊण यांत अंतर एका रेघेचे. म्हणजे या लिपीत शब्द सुरक्षित राहून नेमके आकडेच गाळात सापडतात. शेतजमीन न्यायाधिकरणाचे टंकलिखित आदेश, छापील तक्ते, संगणकावरून काढलेले जुने सातबारे यांना तर मराठी असल्याचे हेही संरक्षण नाही. तिथे प्रत्येक १ दुसऱ्या १ सारखाच असतो आणि ९ त्याच्या जवळपास.

नक्कल करणारा माणूस काय चुकत नव्हता, हा आक्षेप रास्त आहे. तो चुकत होताच. म्हणून तर जमीन महसूल संहितेत लेखनप्रमाद दुरुस्त करण्यासाठी कलम १५५ आहे, आणि हस्तलिखित सातबारे संगणकावर चढवताना झालेल्या चुका शोधायला चावडी वाचन करावे लागले. पण माणसाची चूक त्याच्या अक्षरात असते, तिच्याखाली सही असते, आणि चावडीवर वाचताना मूळ पान उघडून ती पकडता येते. लायब्ररीने मूळ पानाचेच चित्र बदलले तर पडताळायला उरते काय? शिवाय टाइप केलेला सातबारा आणि स्कॅन यांचे काम एक नाही. टाइप केलेल्याला आव्हान द्यायचे तेव्हाच स्कॅन लागतो.

दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि त्याला हिशेबानेच उत्तर द्यावे. ए-४ पान इंचाला ३०० ठिपक्यांनी रंगीत स्कॅन केले की सुमारे ८७ लाख ठिपके होतात. काहीही न आकुंचित करता त्याची फाईल २६ एमबीची. अशी १ लाख पाने म्हणजे २.६ टेराबाइट, जी आज दुकानात मिळणाऱ्या एका हार्ड डिस्कवर मावतात. काहीही न गाळणारे आकुंचन वापरले तर आणखी कमी. नव्वदच्या दशकात जागा वाचवणे ही सक्ती होती, आता ती सवय आहे. टोकावड्याच्या किंवा डोळखांबच्या माणसाला मोबाइलवर २६ एमबीचे पान उघडणार नाही, हे खरे. त्याला बघायला जेपेगची लहान प्रत द्यावी. ती बघण्याची प्रत आहे एवढे तिच्यावर लिहावे आणि अस्सल चित्राला हात लावू नये.

लायब्ररी टिकते किती, हाही दप्तराच्या दृष्टीने मोठा प्रश्न आहे, आणि इथे प्रोग्रामरांचा कल सहसा उलटा असतो. जिच्यात करामती जास्त ती त्यांना आवडते. जीआयएफ फाईलमागच्या आकुंचनाचे पेटंट युनिसिसकडे होते. १९९४ च्या डिसेंबरात त्याचे शुल्क जाहीर झाल्यावर पीएनजी जन्माला आले, आणि जीडी या लायब्ररीने १९९९ मध्ये जीआयएफ काढूनच टाकले. पायथनमधली पीआयएल ही लायब्ररी २००९ नंतर पुढे सरकली नाही. २०१० मध्ये इतरांनी तिचीच शाखा काढून पिलो चालवली, म्हणून तिच्यावर उभी असलेली कामे वाचली. इमेजमॅजिक जवळपास काहीही उघडते, आणि या सर्वभक्षकपणामुळेच २०१६ मध्ये उघड झाले की मुद्दाम रचलेली चित्रफाईल तिच्याकडून यंत्रावर हुकूम चालवून घेऊ शकते. नागरिकांनी चढवलेली कागदपत्रे स्वीकारणाऱ्या कचेरीने तिला पुढच्या दारात बसवू नये. लिबटिफचे मात्र बघण्यासारखे आहे. तिचे संकेतस्थळ दोनदा हातचे गेले, घर बदलावे लागले, तरी १९९२ च्या टिफ ६.० प्रमाणे लिहिलेली फाईल आजही निमूट उघडते. शंभर वर्षांची वही ज्याच्या हवाली करायची, त्यात हा कंटाळवाणेपणा मला गुण वाटतो.

आता मागणी आहे ती चित्रातून मजकूर वाचून घेण्याची. त्यासाठीचे टेसरॅक्ट हे सॉफ्टवेअर १९८५ ते १९९४ दरम्यान एचपीत घडले, २००५ मध्ये खुले झाले; त्याच्या अधिकृत भाषांत मराठी आहे, मोडी नाही. छापील मराठी ते बरे वाचते, फेरफाराच्या हस्ताक्षरात अडखळते. त्याला मदत म्हणून ओपनसीव्ही या लायब्ररीने पान आधी ‘स्वच्छ’ करण्याची रीत पडली आहे: डाग काढा, पार्श्वभूमी पांढरी करा, अक्षर गडद करा. शोधयादी बनवायला हे ठीक. पण कंसाची फिकी रेघ आणि कागदाची घडी यांतला फरक त्या गणिताला माहीत नसतो. धूसर चित्र शिकलेल्या नमुन्यांवरून ठळक करणाऱ्या नव्या पद्धती तर एक पाऊल पुढे जातात आणि नसलेली रेघही भरून देतात. स्वच्छ केलेली प्रत वाचणाऱ्या यंत्रासाठी वेगळी असावी. तिने अस्सल स्कॅनची जागा घेतली की नक्कल पुराव्यातून बाद व्हायला हवी.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक अभिलेखासोबत जे प्रमाणपत्र द्यायचे, त्याच्या नमुन्यात फाईलचे हॅश मूल्य आणि ते कोणत्या पद्धतीने काढले हे लिहावे लागते. हॅश हे फाईल तयार झाल्यानंतर बदलली नाही एवढेच सांगते. तयार होताना वहीतून काय गळले, याबद्दल ते मुके आहे, १४.१३ च्या त्या तिन्ही खोल्यांचे हॅशही बिनचूक जुळले असते. त्याच प्रमाणपत्रात स्कॅनची घनता, रंग ठेवले की नाही, आकुंचनाची पद्धत, लायब्ररीचे नाव व आवृत्ती अशा चार ओळी वाढवल्या आणि दर गठ्ठ्यातली काही पाने मूळ वहीशी ताडून पाहणाऱ्याची सही घेतली, तर रुजवात घेणाऱ्याची रिकामी झालेली जागा पुन्हा भरेल. मुरबाडच्या एखाद्या वारसाच्या वकिलाला मग उलटतपासणीत नेमके विचारता येईल: कंस वहीत नव्हता, की फाईलमध्ये आला नाही?