नवतारा आणि मानमोडी : इ. स. १९१८ च्या दोन नोंदी

इ. स. १९१८ च्या जून महिन्याच्या पूर्वार्धात दोन घटना जवळजवळ एकाच वेळी घडल्या. ७ ते ९ जूनच्या रात्रींत गरुड तारकासमूहात, म्हणजे श्रवण नक्षत्राच्या परिसरात, नुसत्या डोळ्यांना पूर्वी न दिसणारा एक तारा एकाएकी उजळला आणि तेजाने अभिजितालाही मागे टाकू लागला. १० जून रोजी मुंबईत सात पोलीस शिपाई तापाने आजारी होऊन रुग्णालयात दाखल झाले. महाराष्ट्राने पुढे ‘मानमोडी’ या नावाने ज्या साथीची आठवण ठेवली, त्या इन्फ्लुएंझाची या शहरातील ही पहिली ज्ञात खूण होय. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध शोधणे हे फलज्योतिषाचे काम, इतिहासाचे नव्हे. परंतु एकाच काळातील या दोन घटनांच्या नोंदी कशा ठेवल्या गेल्या, याची तुलना इतिहासाच्या अभ्यासकास उद्बोधक ठरते.

प्रथम ताऱ्याची नोंद पाहू. तो पाहणाऱ्यांत व्यावसायिक ज्योतिर्विद होते तसेच हौशी निरीक्षकही होते. बंगालमधील जेसोर येथे सरकारी खजिन्यात नोकरी करणारे राधागोविंद चंद्र यांनी तीन इंची दुर्बिणीच्या जोरावर तो स्वतंत्रपणे हेरला. इंग्लंडमध्ये ग्रेस कुक यांनी तो पाहिला. ८ जूनच्या खग्रास सूर्यग्रहणासाठी अमेरिकेत जमलेल्या मंडळींच्याही दृष्टीस तो त्याच रात्री पडला. निरीक्षणाची रीत सर्वत्र एकच होती. शेजारच्या, ज्ञात प्रतीच्या ताऱ्यांशी तुलना करून नव्या ताऱ्याची प्रत ठरवायची, दिनांक व वेळ लिहायची आणि ती नोंद हार्वर्ड वेधशाळेसारख्या एखाद्या मध्यवर्ती ठिकाणी पाठवायची. यामुळे खजिन्यातील कारकुनाची नोंद आणि वेधशाळेतील पंडिताची नोंद एकाच आलेखावर मांडता आली. हार्वर्डच्या जुन्या छायाचित्रपट्ट्या तपासल्यावर तो तारा पूर्वीही तेथेच, पण अत्यंत अंधुक स्वरूपात होता, हेही आढळले. १९६० च्या दशकात तो जोडतारा असल्याचे सिद्ध झाले. त्यातील श्वेतबटू आपल्या सोबत्याकडून हायड्रोजन ओढून घेतो आणि तो थर पुरेसा साचला की त्याचा स्फोट होतो. आजच्या मापनानुसार त्याचे अंतर सुमारे एक हजार प्रकाशवर्षे आहे. म्हणजे १९१८ साली दिसलेला तो प्रकाश उत्तर कोकणावर शिलाहारांचा अंमल असताना निघालेला होता.

आता साथीची नोंद. मुंबईतील पहिली लाट जून-जुलैमध्ये येऊन गेली. गिरण्या व कचेऱ्यांतील हजेरी घटली, तरी मृत्यूचे प्रमाण मर्यादित राहिले. सप्टेंबरमध्ये उसळलेली दुसरी लाट मात्र भयंकर होती. ६ ऑक्टोबर या एकाच दिवशी शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. महायुद्धामुळे धान्य महागले होते आणि त्या वर्षी पावसानेही दगा दिला होता. सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांचे स्वयंसेवक वस्त्यांतून औषधपाणी पुरवीत होते. साथ सर्वांस सारखीच भोवली, असे मात्र नाही. मुंबईत दर हजारी मृत्यूंचे प्रमाण युरोपियनांत ८.३, पारशांत ९, सवर्ण हिंदूंत १८.९, तर अधिकाऱ्यांनी ‘खालच्या जातींचे हिंदू’ म्हणून वेगळ्या काढलेल्या वर्गात ६१.६ होते. या फरकाची कारणे जंतूत शोधून सापडणार नाहीत. एका खोलीत दाटीने राहणारी कुटुंबे, अपुरे अन्न आणि दुखण्यातही कामावर जाण्याची सक्ती, यांत ती आहेत.

या वर्गाची मुळे ज्या मुलखात होती, त्यातील एक गाव म्हणजे महाड तालुक्यातील सावित्रीकाठचे दासगाव. तत्कालीन कुलाबा जिल्ह्याच्या या भागात त्या वेळी रेल्वे नव्हती. मुंबईचा चाकरमानी आगबोटीने बाणकोटास उतरे आणि तेथून खाडीने दासगाव-महाडकडे येई. पावसाळ्यात किनाऱ्याची ही वाहतूक बंद असे व पावसाळा सरता सरता पुन्हा सुरू होई. मुंबईतील पहिली लाट समुद्रमार्ग बंद असतानाची, तर दुसरी तो खुला झाल्यानंतरची, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. केवळ या क्रमावरून साथ आगबोटीने आली असे सिद्ध होत नाही. तथापि ज्याला शहरात ताप भरला आणि ज्याने गावी येऊन प्राण सोडला, त्याची नोंद कोठे झाली, हा प्रश्न त्यातून अपरिहार्यपणे उभा राहतो.

मुंबईच्या आकड्यांत असा मनुष्य येत नाही, कारण तो मुंबईत मेला नाही. गावच्या नोंदवहीत मृत्यूच्या कारणांचे ठरीव वर्ग होते : पटकी, देवी, प्लेग, ताप, अतिसार, श्वसनाचे विकार, अपघात आणि इतर. इन्फ्लुएंझास स्वतंत्र रकाना नव्हता. नोंद करणारा ग्रामाधिकारी वैद्य नव्हता आणि साथीच्या दिवसांत तो स्वतःही अंथरुणास खिळण्याचा संभव होता. परिणामी सावित्रीच्या काठी मेलेला गिरणीकामगार ‘ताप’ या रकान्यात इतर सर्व तापांत मिसळून गेला. हिंदुस्थानातील एकूण बळींचा अंदाज १९१९ च्या सरकारी अहवालात सुमारे ६० लाख होता, १९२१ च्या खानेसुमारीत तो सव्वा कोटीच्या आसपास गेला, १९८६ च्या एका संशोधनात १ कोटी ७० ते ८० लाखांवर पोचला आणि २०१२ मध्ये पुन्हा १ कोटी ४० लाखांच्या जवळ आला. हजार प्रकाशवर्षे दूर असलेल्या ताऱ्याच्या तेजाविषयी असा मतभेद नाही.

हा फरक वस्तूच्या महत्त्वामुळे पडलेला नाही, तो नोंदीच्या व्यवस्थेमुळे पडला आहे. ताऱ्यासाठी समान मोजपट्टी होती, प्रत्येक निरीक्षकाच्या शब्दाला किंमत होती आणि नोंदी एकत्र आणणारे केंद्र होते. दासगावच्या मृतासाठी यांपैकी काहीच नव्हते. ही केवळ गतकाळची उणीव मानता येत नाही. २०१९ च्या अखेरीपासून फेब्रुवारी २०२० पर्यंत काक्षी तारा मंद होत गेला तेव्हा जगभरच्या हौशी निरीक्षकांनी त्याची प्रत रात्रीमागून रात्री टिपली आणि त्यातून बाहेर पडलेल्या धुळीच्या ढगाचे कारण पुढे उलगडले. त्याच वर्षी टाळेबंदीत शहरे सोडून गावी निघालेल्या श्रमिकांपैकी किती जण वाटेत मेले, याची माहिती उपलब्ध नसल्याचे केंद्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत सांगितले.

तरीही १९१८ च्या बाबतीत मार्ग अगदीच खुंटलेला नाही. मृत्यूचे कारण चुकीचे लिहिले असले तरी मृत्यू लिहिला असेल तर तो मोजता येतो. ज्या गावांच्या नोंदवह्या टिकल्या आहेत, त्यांतील सप्टेंबर ते डिसेंबर १९१८ चे सर्व कारणांचे मृत्यू आधीच्या दहा वर्षांच्या त्याच महिन्यांतील सरासरीशी ताडून पाहिले, तर जो आकडा जास्त निघेल तो बव्हंशी साथीचा होय. गावागणिक अशी तुलना केली आणि बंदरालगतची गावे व घाटाखालची आडगावे वेगळी मांडली, तर साथ खाडीने चढली की घाटाने उतरली, याचाही निवाडा होऊ शकेल. हार्वर्डमध्ये जुन्या पट्ट्यांवरून अंधुक तारा मागाहून शोधून काढण्यात आला, तीच ही पद्धत आहे. मात्र तेथे पट्ट्या जपून ठेवलेल्या होत्या. येथे कोकणातील पाऊस, पूर आणि वाळवी यांच्या तडाख्यात जीर्ण होत चाललेली दप्तरे आधी वाचवली पाहिजेत.